विल्यम जार्डिन : अफूचा अडत्या आणि पार्लमेंटचा सभासद

ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांच्या यादीत विल्यम जार्डिन हे नाव दोन वर्षेही टिकले नाही. डेव्हन परगण्यातील ॲशबर्टन या लहानशा मतदारसंघातून तो १८४१ साली बिनविरोध निवडून आला आणि २७ फेब्रुवारी १८४३ रोजी लंडनमध्ये वारला. तरीही इंग्लंड आणि चीन यांच्यातील पहिल्या अफूयुद्धाच्या इतिहासात त्याला जेवढी जागा मिळते, तेवढी हयातभर सभागृहात भाषणे करणाऱ्या कित्येकांना मिळत नाही, कारण त्याचे खरे राजकारण निवडून येण्यापूर्वीच उरकलेले होते. ते समजून घ्यायचे तर आधी त्याचा धंदा समजून घ्यावा लागतो, आणि तो धंदा समजून घेताना मुंबई बंदर वगळून चालत नाही.

जार्डिनचा जन्म १७८४ साली स्कॉटलंडमधील लॉखमेबन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले आणि पुढील शिक्षण थोरल्या भावाच्या आधाराने झाले. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८०२ साली त्याने शल्यवैद्याची सनद मिळवली, आणि त्याच महिन्यात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या 'ब्रन्सविक' या जहाजावर दुय्यम वैद्य म्हणून रुजू झाला. या नोकरीचा पगार बेताचा होता, पण कंपनीच्या जहाजांवरील अधिकाऱ्यांना हुद्द्याप्रमाणे तळघरात थोडी जागा स्वतःच्या मालासाठी मिळत असे, आणि तीत भरलेल्या मालाचा नफा सर्वस्वी त्यांचा असे. कप्तानाच्या वाट्याला अर्थातच भरपूर जागा येई आणि दुय्यम वैद्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन पेट्यांची. जार्डिन व्यापार शिकला तो या एवढ्याशा जागेत. कोणता माल कोठे घ्यावा, कोठे विकावा आणि परतीच्या खेपेत काय भरावे, याचा हिशेब तो पंधरा वर्षे करत राहिला.

१८०५ साली 'ब्रन्सविक' चीनकडे निघाले असता सिलोनजवळ फ्रेंच आरमाराने ते पकडले. नेपोलियनच्या युद्धांचा तो काळ होता. त्याच जहाजावर मुंबईचा एक तरुण पारशी व्यापारी होता, जमशेटजी जीजीभाई. जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे नेण्यात आले आणि प्रवाशांना बरेच हाल सोसून परतावे लागले. जार्डिन आणि जमशेटजी यांच्या ओळखीचा उगम याच सफरीत सांगितला जातो. पुढे हे दोघे एकमेकांचे सर्वांत मोठे व्यापारी भागीदार ठरले, ते मात्र कागदोपत्री निर्विवाद आहे. एकाने मुंबईतून माल पाठवायचा आणि दुसऱ्याने तो चीनच्या किनाऱ्यावर खपवायचा, अशी ही जोडी होती.

हा माल म्हणजे अफू. पण अफूचा व्यापार केवळ व्यसनी गिऱ्हाइकांवर उभा होता असे म्हटले, तर त्यात ब्रिटिश सरकारला एवढा रस का वाटावा हे कळत नाही. त्यासाठी चहापासून सुरुवात करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चहा घरोघरी पोहोचला होता, तो जवळजवळ सगळा चीनमधून येत होता, आणि त्यावरील जकातीतून ब्रिटिश तिजोरीत एकूण महसुलाचा सुमारे दहावा भाग जमा होत होता. चीनला मात्र इंग्लंडच्या लोकरी कापडाची फारशी गरज नव्हती. आपल्या मुंबई आणि गुजरातकडचा कापूस तेथे खपे, पण तेवढ्याने चहाची किंमत भागत नसे. उरलेली रक्कम चांदीत मोजावी लागे. दरवर्षी जहाजे भरभरून चांदी पूर्वेला पाठवणे कंपनीला परवडण्यासारखे नव्हते.

बिहार आणि बनारसच्या पट्ट्यात पिकणाऱ्या अफूचा मक्ता कंपनीकडे होता. चीनमध्ये १७२९ पासून अफूवर बंदी होती आणि ती पुढे आणखी कडक होत गेली. कंपनी स्वतःच्या जहाजातून अफू नेताना सापडली असती, तर तिचा चहाचा व्यापारच धोक्यात आला असता. म्हणून कंपनीने हात कोरडे ठेवण्याची व्यवस्था केली. अफू कलकत्त्यात जाहीर लिलावाने विकायची. ती घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर चीनच्या किनाऱ्यावर न्यायची. तेथे चिनी तस्करांनी रोख चांदी मोजून ती घ्यायची. आता या खासगी व्यापाऱ्यांकडे कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, चांदीचे ढीग साठत, पण त्यांना पैसा हवा असे लंडनमध्ये किंवा हिंदुस्थानात. तेव्हा ते ही चांदी कंपनीच्या कँटनमधील तिजोरीत भरत आणि बदल्यात लंडन किंवा कलकत्त्यावरच्या हुंड्या घेत. त्याच चांदीने कंपनी चहा विकत घेई. अशा रीतीने चहाचे पैसे अफूतून उभे राहत, चांदी चीनमधल्या चीनमध्ये फिरे, आणि कंपनीच्या वह्यांत अफूच्या तस्करीचा उल्लेखही येत नसे. ही कल्पना कोणा एका सुपीक डोक्यातून निघाली नव्हती. ती हळूहळू जमत गेली, आणि एकदा जमल्यावर ती मोडणे लंडन, कलकत्ता व मुंबई या तिन्ही ठिकाणी कोणालाच सोयीचे उरले नाही.

मुंबईचा प्रवेश या गोष्टीत माळव्यामुळे होतो. इंदूर, उज्जैन, मंदसौर, रतलाम या पट्ट्यातील, म्हणजे मुख्यतः होळकर आणि शिंदे यांच्या मुलखातील अफूवर कंपनीचा मक्ता नव्हता. १८१८ साली मराठी सत्तेचा पाडाव झाल्यावर कंपनीने ही अफू आपणच खरेदी करून, संस्थानिकांशी करार करून आणि वाटा अडवून तिच्यावर ताबा मिळवण्याचा बराच प्रयत्न केला, पण माळव्याच्या सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी तिला दाद दिली नाही. माल राजस्थानच्या वाळवंटातून कराचीकडे आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला जाऊ लागला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हट्ट सोडला आणि परवान्याची पद्धत सुरू केली. इंदूरला ठरावीक रक्कम भरून परवाना घ्यावा आणि माल उघडपणे मुंबईला आणावा, असे ठरले. सुरुवातीला हा दर पेटीमागे १७५ रुपये होता, पण दमणची वाट काही बंद होईना, म्हणून १८३५ मध्ये तो १२५ रुपयांवर आणला गेला.

या व्यापारात केवळ पारशीच होते असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. जमशेटजींच्या पेढीत मोतीचंद अमीचंद हे जैन व्यापारी आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान जहाजमालक भागीदार होते, तर गोव्याहून मुंबईत आलेले रोजेरियो द फारिया यांचे दमण आणि गोवा येथील पोर्तुगीज अधिकाऱ्यांशी असलेले संबंध सर्वांनाच उपयोगी पडत. माळव्याचा मारवाडी सावकार, मुंबईचा पेढीवाला, कोकणी जहाजमालक आणि गोव्याचा ख्रिस्ती व्यापारी ही सगळी माणसे एकाच मालाच्या प्रवासात आपापला वाटा उचलत होती. कँटनमध्ये बसलेल्या जार्डिनचे बळ म्हणजे या सर्वांचा त्याच्यावर असलेला विश्वास. ही बाजू इंग्रजी चरित्रांतून बहुधा दोन ओळींत आटोपली जाते, आणि त्यामुळे जार्डिन एकट्याच्या कर्तबगारीने मोठा झाला असा भास होतो.

१८१७ साली जार्डिनने कंपनीची नोकरी सोडली. लंडनचा टॉमस वीडिंग आणि मुंबईचे फ्रामजी कावसजी यांच्याबरोबर भागी करून तो मुंबईत आला, आणि या तिघांनी 'सारा' नावाचे जहाज चीनच्या व्यापारात घातले. काही वर्षांतच त्याने कँटनमध्ये बस्तान बसवले. तेथील मॅग्निअॅक कंपनीत तो प्रथम भागीदार आणि मग कर्ताधर्ता झाला. जेम्स मॅथेसन हा त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, वाचनाची आवड असलेला आणि लेखणी चालवणारा स्कॉटिश व्यापारी तेथेच त्याला येऊन मिळाला. १ जुलै १८३२ रोजी या पेढीचे नाव 'जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी' असे झाले.

ही पेढी मुख्यतः अडतीचा धंदा करी. माल मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचा, त्याच्या भावाची जोखीम त्याचीच. पेढीने तो उतरवून घ्यायचा, विकायचा, रक्कम परत पाठवायची, विमा उतरवायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर आपली अडत कापून घ्यायची. भाव पडले तर मुंबईचा मालधनी बुडे, अडत्याची अडत मात्र सुटत नसे. अर्थात पेढी स्वतःच्या नावावरही सट्टा करीच, पण तिचा पाया हा असा मजबूत होता. जार्डिनच्या स्वभावाविषयी त्या काळी कँटनमध्ये दोन गोष्टी सांगितल्या जात. एक म्हणजे त्याच्या कचेरीत एकच खुर्ची होती आणि ती त्याची स्वतःची. भेटायला येणाऱ्याने उभ्यानेच काम सांगावे आणि निघावे. दुसरी अशी की, कँटनच्या वेशीवर अर्ज देण्यासाठी गेला असता त्याच्या डोक्यात मागून सोटा बसला, आणि त्याने मागे वळूनही पाहिले नाही. तेव्हापासून चिनी लोक त्याला 'लोखंडी डोक्याचा म्हातारा उंदीर' म्हणू लागले. टोपणनावात कौतुक किती आणि तिरस्कार किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रत्यक्ष अफू कँटन शहरात येत नसे. पर्ल नदीच्या मुखाशी लिंतिन नावाचे बेट आहे. तेथे जुनी जहाजे शिडे उतरवून कायमची नांगरलेली असत, आणि तीच या व्यापाराची गोदामे होती. हिंदुस्थानातून आलेल्या पेट्या त्यांवर उतरवल्या जात. पाटण्याच्या अफूच्या एका पेटीत खसखशीच्या पाकळ्यांच्या कवचात गुंडाळलेले ४० गोळे असत, एका थरात २० याप्रमाणे. माळव्याची अफू वड्यांच्या रूपात येई. व्यवहार कँटनमध्ये ठरे, रोकड तेथेच मोजली जाई, आणि खरेदीदाराला एक चिठ्ठी मिळे. ती चिठ्ठी घेऊन वीस-वीस, चाळीस-चाळीस वल्ह्यांच्या वेगवान चिनी होड्या लिंतिनला येत, गोळे तपासून पोत्यांत भरत आणि अंधारात नाहीशा होत. स्थानिक अधिकाऱ्यांचा हप्ता पेटीमागे ठरलेला असे. १८२० च्या सुमारास वर्षाला सुमारे साडेचार हजार पेट्या चीनमध्ये जात होत्या. १८३८-३९ पर्यंत हा आकडा ४० हजारांच्या आसपास पोहोचला. विक्री वाढवण्यासाठी जार्डिनने १८३२ मध्ये उत्तरेकडच्या किनाऱ्यावर 'सिल्फ' हे जहाज पाठवले, आणि त्यावर दुभाष्या म्हणून कार्ल ग्युत्झलाफ या जर्मन मिशनऱ्याला नेमले. एकाच जहाजातून अफूच्या पेट्या आणि ख्रिस्ती धर्माच्या पत्रिका एकदमच किनाऱ्यावर उतरत होत्या.

व्यापाऱ्याचा पुढारी होण्याची सुरुवात १८३४ साली झाली. नव्या कायद्याने त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा चीनमधील व्यापाराचा मक्ता संपला. मक्ता संपण्याच्या तोंडावर, मार्च महिन्यात, जार्डिनच्या पेढीने खुल्या व्यापारातील चहाचे पहिले जहाज इंग्लंडकडे रवाना केले, आणि त्याचे नावही 'सारा'च होते. पण मक्त्याबरोबर कंपनीचा आधारही गेला. पूर्वी चिनी अधिकाऱ्यांशी जे काही बोलायचे ते कंपनीचे प्रतिनिधी बोलत. आता ब्रिटिश सरकारने लॉर्ड नेपिअर याला व्यापाराचा अधीक्षक म्हणून पाठवले. त्याने परवानगीशिवाय कँटनमध्ये पाऊल ठेवले आणि बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहाराचा आग्रह धरला. चिन्यांनी व्यापार बंद पाडला, आणि आजारी नेपिअर मकावला परतून त्याच वर्षी वारला. त्याला कणखर राहण्याचा सल्ला देणाऱ्यांत जार्डिन आघाडीवर होता. मॅथेसन यानंतर इंग्लंडला गेला आणि चीनवर लष्करी दबाव आणण्याची गरज सरकारला पटवू लागला, परंतु तत्कालीन परराष्ट्रमंत्री ड्यूक ऑफ वेलिंग्टन याने त्याला दाद दिली नाही. तक्रार होती, पण युद्धाला पुरेल असे निमित्त नव्हते.

ते निमित्त पुरवले लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने आणि त्याहून अधिक एका ब्रिटिश अधिकाऱ्याने. चांदी देशाबाहेर चालली आहे आणि व्यसन सैन्यापर्यंत पोहोचले आहे, या चिंतेने चीनच्या दरबारात बराच खल झाला. अफू कायदेशीर करून तिच्यावर कर बसवावा असेही काहींचे मत पडले, पण अखेर सम्राटाने कडक बंदीची बाजू घेतली आणि लिनला खास आयुक्त म्हणून कँटनला पाठवले. तो मार्च १८३९ मध्ये पोहोचला. त्याला जो माणूस प्रथम पकडायचा असता, तो जार्डिन जानेवारीतच निरोपाची मेजवानी घेऊन मायदेशी निघाला होता. लिनने परदेशी वखारींना वेढा घातला आणि सर्व अफू हवाली करण्याचा हुकूम सोडला. तेव्हा नेपिअरच्या जागी आलेला ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स एलियट याने व्यापाऱ्यांना सांगितले की, सगळी अफू ब्रिटिश सरकारच्या वतीने माझ्या ताब्यात द्या.

या सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका हुकमात आहे. तोपर्यंत अफू ही खासगी व्यापाऱ्यांची बेकायदा मालमत्ता होती आणि ती जप्त झाली असती तर नुकसान त्यांचे. एलियटने ती सरकारच्या नावाने स्वीकारताच त्याच मालाचे रूपांतर ब्रिटिश सरकारवरील देण्यात झाले. व्यापाऱ्यांना याहून चांगले काय हवे होते? लिनच्या आधीच सुरू झालेल्या धरपकडीमुळे महिनोन्‌महिने विक्री ठप्प होती आणि भाव कोसळले होते. अशा वेळी साऱ्या मालाची हमी घेणारा सरकारी गिऱ्हाईक उभा राहिला. २० हजारांहून अधिक पेट्या लिनच्या हवाली झाल्या, त्यांपैकी सुमारे सात हजार जार्डिन-मॅथेसनच्या हातून गेल्या, आणि त्यांत मुंबईच्या मालधन्यांचा माल होता. जून महिन्यात लिनने ह्यूमेन येथे मोठे चर खणवून, त्यांत पाणी, मीठ आणि चुनकळी टाकून ही अफू विरघळवली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडून दिली. काम तीन आठवडे चालले होते.

आता हे देणे फेडायचे कोणी? ब्रिटिश तिजोरीत त्यासाठी पैसा नव्हता, आणि तस्करीच्या मालाची भरपाई करा असे पार्लमेंटकडे मागण्याची पंतप्रधान मेलबर्न याच्या डळमळीत सरकारला हिंमत नव्हती. चीनकडूनच वसूल करणे हा एकच मार्ग उरला. जार्डिन लंडनला पोहोचला तो या वेळी. २७ सप्टेंबर १८३९ रोजी परराष्ट्रमंत्री पामर्स्टन याची त्याने भेट घेतली. बरोबर त्याने चीनच्या किनाऱ्याचे नकाशे नेले होते. वीस वर्षे त्या किनाऱ्यावर जहाजे फिरवणाऱ्या पेढीला खाडी कोठे खोल आहे, कोणत्या बंदराची नाकेबंदी केली तर धान्याची वाहतूक अडेल, कोणती बेटे ताब्यात घ्यावीत, हे आरमाराच्या कचेरीपेक्षा अधिक ठाऊक होते. किती युद्धनौका, किती सैन्य, काय मागण्या, हेही त्याने पुढे लेखी मांडले: झाल्या अपमानाची माफी, अफूची भरपाई, व्यापाराचा तह आणि नवी बंदरे खुली करणे. १ ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत फौज पाठवण्याचे ठरले. हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा पाया घालून नुकताच परतलेला मेकॉले तेव्हा मंत्रिमंडळात होता आणि तोही युद्धाच्या बाजूने होता.

हे सर्व ठरत असताना जार्डिन कोणत्याही पदावर नव्हता. एप्रिल १८४० मध्ये कॉमन्स सभागृहात या धोरणाविरुद्ध ठराव आला. तरुण ग्लॅडस्टनने या युद्धाच्या अन्याय्यपणावर कडक भाषण केले. आणि ठराव अवघ्या नऊ मतांनी फेटाळला गेला. पाच सभासदांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता. १८४२ मध्ये चीनचा पराभव झाल्यावर, तेव्हा सत्तेबाहेर असलेल्या पामर्स्टनने जार्डिनचा स्नेही आणि बँकर जॉन एबल स्मिथ याला पत्र लिहून मोकळेपणाने मान्य केले की, तुम्ही आणि जार्डिन यांनी पुरवलेल्या माहितीमुळेच आम्हाला आरमारी, लष्करी आणि राजनैतिक सूचना एवढ्या तपशिलाने देता आल्या.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. तो ज्या युद्धनौकेवर झाला, ती 'कॉर्नवॉलिस' मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागवानी लाकडात बांधलेली होती आणि १८१३ साली पाण्यात उतरली होती. तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, पाच बंदरे खुली झाली आणि चीनवर २ कोटी १० लाख डॉलरची खंडणी बसली. त्यांपैकी १ कोटी २० लाख युद्धाच्या खर्चापोटी, ३० लाख चिनी व्यापाऱ्यांकडील थकबाकीपोटी, आणि ६० लाख लिनने नष्ट केलेल्या अफूपोटी होते. अफूचा व्यापार यापुढे कायदेशीर की बेकायदा, याविषयी मात्र तहात अवाक्षर नव्हते. मुंबईच्या व्यापाऱ्यांना चार वर्षे ताटकळल्यानंतर १८४३ मध्ये भरपाई मिळाली, तीही अपेक्षेपेक्षा कमी, आणि दरम्यान कित्येक लहान पेढ्या गोत्यात आल्या. जमशेटजी तग धरून राहिले. १८४२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि मुंबईतील जे. जे. रुग्णालय व माहीमचा कॉजवे या दोन्ही गोष्टी १८४५ साली त्यांच्या कुटुंबाच्या पैशातून उभ्या राहिल्या. त्या पैशाचा मोठा भाग याच व्यापारातून आला होता.

जार्डिनच्या खासदारकीविषयी सांगण्यासारखे त्यामानाने थोडे आहे. १८४१ च्या निवडणुकीत तो व्हिग पक्षातर्फे निवडून आला खरा, पण त्याच निवडणुकीत त्याचा पक्ष हरला आणि ऑगस्टमध्ये मेलबर्नचे सरकार पडले, त्यामुळे तो बसला तो विरोधी बाकांवर. त्याची प्रकृतीही लवकरच ढासळली. लग्न त्याने केले नव्हते. संपत्ती आणि पेढीतील वाटा पुतण्या-भाच्यांकडे गेला. रिकाम्या झालेल्या ॲशबर्टनच्या जागी १८४३ मध्ये निवडून आला तो जेम्स मॅथेसन. पुढच्याच वर्षी त्याने स्कॉटलंडच्या पश्चिमेचे लुईस बेट विकत घेतले. दुसऱ्या अफूयुद्धादरम्यान १८५८ मध्ये चीनला अफू कायदेशीर करावी लागली, तेव्हा तस्करीतला जादा नफा आटला आणि मुंबईच्या ससून घराण्याने माळव्यातील उत्पादकांना थेट आगाऊ रकमा देऊन भावात बाजी मारली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला जार्डिन-मॅथेसन अफूतून बाहेर पडली आणि जहाजवाहतूक, विमा व रेल्वेकडे वळली.